अंतरपाट कोणत्या बाजूने ओढणार?

वाचकांचे प्रश्न : लग्नाचं आणि फॅशनचं छायाचित्रण

तुळशीचं लग्न जवळ आलं की या सदराकडे फोटोवाल्यांची पत्रं वाढतात. त्यांतली काही इथे घेतली आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली. त्यावर तासभर बोलायला दुकानदार तयारच असतात.

प्रश्न : अंतरपाट दूर होतो तो क्षण दर लग्नात हुकतो. कधी गुरुजींची पाठ मध्ये येते, तर कधी चेहऱ्यांवर मोठे पांढरे ठिपके येतात. २४-७० लेन्स आणि कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश वापरतो. (सांगली)

यात दोन वेगळ्या चुका आहेत, एक जागेची आणि एक फ्लॅशची.

आधी जागा. अंतरपाटाच्या रेषेत उभं राहिलं की कापड एका उभ्या पट्टीएवढंच दिसतं आणि दोन्ही चेहरे बाजूने एकाच चौकटीत बसतात. पण त्याच रेषेत कापडाची टोकं धरणारी माणसंही असतात आणि त्यांतले एक बहुतेकदा गुरुजीच असतात. म्हणून मुहूर्ताच्या अर्धा तास आधी त्यांना दोन गोष्टी विचारून घ्या : अंतरपाट कोणत्या बाजूने ओढणार, आणि आपण स्वतः कुठे उभे राहणार. कापड ज्या बाजूला जाणार तिच्या विरुद्ध बाजूला मुख्य कॅमेरा लावा. म्हणजे ते तुमच्यापासून दूर सरकतं. उलट उभे राहिलात तर नेमक्या क्षणी ते तुमच्या लेन्ससमोरूनच जाईल. तुमच्या बाजूचं टोक धरणाऱ्याला अर्धं पाऊल बाजूला होऊन हात लांबवायला सांगा. आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. ऐन वेळी खांद्याला धरून सरकवलं की मात्र ती चर्चा पंगतीपर्यंत पुरते.

दुसरा फोटोग्राफर असेल तर तो वराच्या खांद्यामागे, ७०-२०० ही लांब पल्ल्याची लेन्स घेऊन, फोकस वधूच्या डोळ्यांवर. वधूच्या मागे मामा आणि करवल्या उभ्या असतात, त्यामुळे तिच्या बाजूने वराचा चेहरा मिळवायच्या फंदात पडू नका. तो हार घालताना मिळतो.

वेळेची खूणही पक्की करा. अनेक ठिकाणी शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणतात. ते सुरू झालं की साधारण पंधरा-वीस सेकंद हातात असतात. घरच्यांनी रचलेली मंगलाष्टकं असतील तर कागद कुणाकडे आहे ते शोधून कडवी मोजून ठेवा. ‘आता शेवटचं’ म्हणून आत्या आणखी तीन म्हणते.

आता ठिपके. ते म्हणजे लेन्सजवळून उडालेल्या अक्षता. फ्लॅशपासून १ फुटावरच्या दाण्यावर ८ फुटांवरच्या चेहऱ्याच्या ६४ पट प्रकाश पडतो, म्हणून दाणा जळून पांढरा होतो आणि फोकसबाहेर असल्याने बोराएवढा दिसतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ८-९ फूट उंच स्टँडवर दोन फ्लॅश लावा, स्टँड मंडपाच्या खांबाला दोरीने बांधा आणि कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर (दूरचे फ्लॅश पेटवणारं यंत्र) ठेवा. फ्लॅश मॅन्युअलवर, १/८ किंवा १/१६ ताकदीवर. टीटीएलवर (परतलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणारी सोय) ठेवलात तर जरीच्या शेल्यावरून परतलेला उजेड पाहून फ्लॅश स्वतःच ताकद कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. पूर्ण ताकदीवर ठेवलात तर पहिल्या फोटोनंतर दीड-दोन सेकंद तो भरत बसतो, आणि सगळा खेळ तेवढ्याच वेळाचा असतो.

सुरुवातीला शटर १/२००, छिद्र एफ/४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० धरा आणि हॉलच्या उजेडाप्रमाणे आयएसओ हलवा. उडणाऱ्या दाण्यांवर फोकस उडी मारतो, म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमीत कमी ठेवा.

प्रश्न : एका नव्या हॉलमधल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे आले. व्हिडिओत ते वरून खाली सरकतात. कॅमेरा दुरुस्तीला द्यावा का? (नाशिक)

नको, कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/२५० वर फोटो काढला की त्या हेलकाव्याचा एक तुकडाच सापडतो आणि पट्टा उमटतो. १/१०० वर एक पूर्ण हेलकावा बसतो, १/५० वर दोन, म्हणून पट्टे जातात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक ओळखून नेमक्या क्षणी फोटो घेणारी सोय) असेल तर तो सुरू करा.

सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र हॉलमध्ये बंदच ठेवा. त्यात सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो, आणि साध्या सेन्सरला पूर्ण चौकट वाचायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा तीन ते पाच वेळा मंद झालेला असतो.

व्हिडिओसाठी कॅमेरा ‘पाल’ (५० हर्ट्झ विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत) सेटिंगवर ठेवा : २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. संथगती हवी म्हणून ६० फ्रेम आणि १/१२५ लावणाऱ्यांच्या फिल्ममध्येच हे सरकते पट्टे सापडतात.

स्टेजवरचे रंगीत ‘पार’ (डब्यासारखे स्टेजचे झोत) दिवे आणि मागची एलईडी वॉल यांचं गणित वेगळं आहे. त्यांचं लुकलुकणं खूप जलद असतं आणि दर बनावटीला वेगळं, त्यामुळे अँटी-फ्लिकर तिथे उपयोगी पडत नाही. साउंडवाला माइक तपासत असतो तेव्हा १/५०, १/१००, १/१६०, १/२०० असे चार फोटो काढून मोठे करून पाहा आणि त्यांतला स्वच्छ निवडा. त्याच वेळी डेकोरेटरला एक विनंती करा : विधी चालू असताना समोरचे पार जांभळ्या-निळ्यावर न ठेवता साध्या पिवळसर पांढऱ्यावर ठेवायची. चेहऱ्यावर गडद निळा पडला की फोटोत लाल रंगाची माहितीच उरत नाही, आणि जी नाही ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

प्रश्न : हळदीच्या फोटोंत सगळेच काविळीचे रुग्ण दिसतात. पिवळा कमी केला की चेहरे राखाडी होतात. (अमरावती)

दोष हळदीपेक्षा छताचा असतो. हल्ली हळदीला वर पिवळं कापड, मागे पिवळा पडदा आणि अंगावर पिवळे कपडे. दुपारचं ऊन त्या कापडातून गाळून चेहऱ्यावर येतं. शक्य असेल तर पाट कापडाच्या कडेला, मोकळ्या सावलीत घ्यायला सांगा. चार-पाच फूट सरकवल्यानेही फरक पडतो. ते जमणार नसेल तर छताखालीच, नवरीच्या गालाजवळ ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, घ्या. ऑटोवर ठेवू नका. कुणी निळी साडी नेसून चौकटीत आलं की रंग बदलतो आणि दोनशे फोटोंचे दोनशे रंग होतात.

एक्स्पोजर पाव-अर्धा स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा पाहा. हळद लागलेल्या गालावर लाल आधी फुटतो, एकत्रित आलेखात ते कळत नाही. एडिटिंगमध्ये पिवळ्याचं सॅच्युरेशन फार उतरवायचं नाही. पिवळ्याची छटा थोडी नारिंगीकडे न्या, त्याचा उजळपणा जरा कमी करा आणि हे फक्त त्वचेपुरतं मास्कमध्ये करा.

कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी, हूडपाशी रबर, पुढे साधा यूव्ही फिल्टर; आणि समारंभ संपेपर्यंत लेन्स बदलायची नाही. कोरडी हळद आधी ब्रशने झाडा, मगच कापड लावा. पट्ट्यावर डाग पडले तर साबणाने ते लाल होतात. घाबरून चोळू नका, धुऊन उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. (कॅमेरा उन्हात टाकू नये, हे लिहायची वेळ येऊ नये.)

प्रश्न : लग्नाचे निवडक फोटो आमच्या स्टुडिओच्या पानावर टाकले. मुलीकडच्यांनी ते काढायला लावले. फोटो आम्ही काढले, मग हक्क आमचा नाही का? (पुणे)

नाही. बहुतेक फोटोग्राफर इथेच फसतात. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन सांगितल्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार तो सांगणारा असतो. वेगळा करार नसेल तर. म्हणजे कागद केला नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. छायाचित्रकार म्हणून तुमचं नाव नाकारता येत नाही, तो अधिकार कलम ५७ खाली वेगळा टिकतो. पण फोटो जाहिरातीत वापरायचा हक्क त्यातून मिळत नाही.

परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेले करार इथे घोटाळा करतात. त्यांत फोटोग्राफर मुळातच मालक आहे असं गृहीत असतं. आपल्याकडे ते लिहून घ्यावं लागतं. मराठीत दोन ओळी पुरतात : ‘या समारंभाच्या छायाचित्रांचा व चित्रफितीचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराचा राहील. ग्राहकाला घरगुती वापर, प्रिंट आणि समाजमाध्यमांसाठी ती कायम वापरता येतील.’ खाली वेगळी चौकट : ‘प्रसिद्धीसाठी वापरण्यास संमती आहे / नाही.’ सही वधूवरांची घ्या. पैसे वडील देत असतील तर त्यांचीही. ‘नाही’वर खूण झाली तर हक्क कुणाचाही असो, फोटो टाकायचा नाही. त्या पानावरून येणाऱ्या दोन ऑर्डरींपेक्षा त्या घरातून येणाऱ्या दोन ऑर्डरी जास्त खात्रीच्या असतात.

फॅशनच्या कामात याला आणखी एक फाटा फुटतो. हक्क तुमच्याकडे ठेवून कपडेवाल्याला वापराचा परवाना देत असाल तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मॉडेलची संमती वेगळ्या कागदावर घ्या.

गाण्यांचंही याच पत्रात विचारलं आहे. वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. तेच गाणं लग्नाच्या फिल्मखाली जोडून इंटरनेटवर टाकायला ती सूट लागू होत नाही. परवान्याचं संगीत विकत घ्या, किंवा सनई-चौघडा आणि मंगलाष्टकं जागेवरच चांगल्या रेकॉर्डरवर घ्या. फिल्मला तोच आवाज शोभतो, असं आमचं मत.

प्रश्न : कार्डातले साखरपुड्याचे फोटो चुकून फॉरमॅट झाले. काही होऊ शकतं का? (लातूर)

त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढला नसेल तर बरेचसे परत मिळतात. कार्ड लगेच बाहेर काढा, त्याची लॉकची खिट्टी सरकवा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. परत मिळालेल्या फायली त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर घ्या.

पुढच्या वेळेसाठी : दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दोन्हींत रॉ (सेन्सरची मूळ, न दाबलेली फाइल). २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण ३० एमबीची, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोनेक हजार फोटो; विधीगणिक कार्ड बदलायला तेवढं पुरतं. भरलेलं कार्ड डबीत उलटं, पाठ वर करून ठेवा. घरी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या आणि त्या उघडून पाहिल्या की मगच फॉरमॅट, तोही कॅमेऱ्यातच.

प्रश्न : येवल्याच्या एका विणकर कुटुंबासाठी पैठण्यांचा कॅटलॉग करायचा आहे, काही मॉडेलवर आणि काही नुसत्या साड्या. जर एक तर काळी पडते नाहीतर पांढरी फुटते, आणि कापडावर इंद्रधनुषी लहरी येतात. (येवला)

जर हा आरसा समजा. आरशात समोरचं दिसतं. समोर अंधार असेल तर जर काळी, समोर उघडा फ्लॅश असेल तर पांढरा ठिपका. म्हणून जरीला ‘पाहायला’ मोठं पांढरं काहीतरी द्यावं लागतं. मुख्य दिवा १२० सेंटिमीटरच्या ऑक्टाबॉक्समध्ये (उजेड मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), मॉडेलपासून दीड मीटरवर, ४५ अंशांत. दुसऱ्या बाजूला माणसाच्या उंचीचा पांढरा थर्माकोल किंवा पांढरा फ्लेक्स. आयएसओ १००, १/१२५, एफ/८. मागचा कागद ९ फुटी, मॉडेल त्याच्यापासून किमान ६ फूट पुढे. पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर मागचे दोन दिवे मुख्य उजेडापेक्षा एकच स्टॉप जास्त ठेवा. त्याहून वाढवले की मागून येणारा उजेड काठ खाऊन टाकतो, आणि पैठणीचा काठ गेला तर विकायचं काय?

पूर्ण उंचीचा फोटो कमरेच्या उंचीवरून, ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने. डोळ्यांच्या उंचीवरून काढला की पाय आखूड दिसतात आणि निऱ्या दबतात.

लहरी म्हणजे मॉयरे. कापडाची बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर बसली की तो उठतो. कॅमेरा अर्धा फूट मागेपुढे घ्या किंवा थोडा कोन बदला, बहुतेकदा एवढ्याने जातो. नाहीच गेला तर एफ/१४-१६ पर्यंत बंद करा, धार किंचित मऊ होते आणि लहर मोडते. फोटो मात्र पूर्ण मोठा करूनच तपासा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मुळात नसलेल्या लहरीही दिसतात.

रंग ही खरी डोकेदुखी. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या; कोन बदलला की साडी बदलते. अशा साडीचा एकच ‘खरा’ फोटो नसतो. घडीवरचा एक आणि पदर उलगडून एक असे दोन द्या, दोन्ही रंग दिसू देत. प्रत्येक प्रकाशरचनेत पहिला फोटो २४ चौकटींच्या कलर चेकरचा (ठरावीक रंगांचा पुठ्ठा) घ्या, त्यावरून रंगदुरुस्तीची प्रोफाइल बनवा आणि त्या रचनेतल्या सगळ्या फोटोंना तीच लावा. जांभळ्यात तरीही फरक राहतो, काही रंग कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा वेगळे दिसतात. तो शेवटी साडी पडद्याशेजारी धरून हातानेच जुळवायचा.

आणि कॅटलॉगमध्ये एक फोटो पदराच्या मागच्या बाजूचा जरूर घ्या. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया मागूनही जवळपास तसेच दिसतात. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे, लोंबणारे धागे असतात. जाणकार गिऱ्हाईक दुकानात आधी तेच उलटून पाहतं. पदर बांबूवर टांगा, उजेड एका कडेने अगदी तिरका टाका, म्हणजे विणीचा उठाव दिसतो.

प्रश्न : दोन दिवसांच्या ऑर्डरचा दर कसा काढायचा? गावात निम्म्या पैशांत करणारे आहेत. (कोल्हापूर)

दिवस दोन नाहीत, ते आधी मोजा. चार हजार फोटोंतून सहाशे निवडायला एक दिवस. सहाशेंवर प्रत्येकी दीड-दोन मिनिटं म्हणजे पंधरा ते वीस तास, अडीच दिवस. अल्बमची मांडणी दोन दिवस. चार-पाच मिनिटांची फिल्म तीन-चार दिवस. समारंभाचे दोन धरून अकरा दिवस झाले. वर्षाला ३० ऑर्डरी घेतल्या तर ३३० दिवस, त्यामुळे एडिटिंग बाहेर द्यावंच लागतं आणि तो खर्च दरातच यायला हवा.

सामानाचंही तसंच. समजा सामान ६ लाखांचं आणि चार वर्षं चालणार, तर वर्षाला दीड लाख, ३० ऑर्डरींवर वाटून प्रत्येकी ५,००० रुपये. त्यावर दुसऱ्या फोटोग्राफरची आणि व्हिडिओवाल्याची रोजी, प्रवास, अल्बमची छपाई, डिस्क. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतात, पण गाळ्याचं भाडं आणि कॅमेऱ्याचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. ते चार महिनेही उरलेल्या ऑर्डरींवरच वाटायचे. एवढं झाल्यावर तुमची मजुरी.

निम्म्या दरवाल्याशी दरात भांडू नका, यादीत भांडा : किती माणसं, किती तास, किती फोटो, अल्बमची पानं, किती दिवसांत. पैसे तीन टप्प्यांत घ्या, तारीख धरताना, समारंभाआधी आणि सगळं हाती देण्याआधी. फोटो निवडायला ३० दिवसांची मुदत लिहा. नाहीतर पहिलं बाळ होतं तरी अल्बमची निवड झालेली नसते आणि शेवटचा हप्ता अडकलेला असतो. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि दर १८ टक्के. तेव्हा दरपत्रकावर ‘जीएसटी वेगळा’ आजच लिहायला लागा.

प्रश्न : अल्बम छापून आला आणि मधल्या घडीत नवरीचा अर्धा चेहरा गेला. चूक छापखान्याची का? (बेळगाव)

मांडणीची. १२ बाय ३६ इंचांचं उघडलेलं जोडपान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलचं, आणि घडी बरोबर ५४०० वर पडते. तिथे गाइड ओढा आणि दोन्ही बाजूंना ३०० पिक्सेल, म्हणजे एकेक इंच, चेहरा येऊ देऊ नका. चारही कडांना अर्धा इंच कापण्यासाठी सोडा. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या.

समूहाच्या फोटोत वधूवर नेमके मध्ये असतात, त्यामुळे पूर्ण जोडपानभर टाकला की घडी एकाच्या नाकावरून जाते. फोटो डावी-उजवीकडे सरकवून ती दोन माणसांमधल्या फटीत पाडा. फट नसेल तर फोटो एकाच पानावर, लहान टाका. दुसऱ्या पानावर उरलेल्या जागेत नावं आणि तारीख टाकायचा मोह डिझाइनरला होतो. ती टाका, फक्त घडीपासून तेवढंच अंतर ठेवून. अक्षरंही तिथे तशीच चिरतात.